लाभ

खाडीला इथं खोर म्हणतात.
आपल्याकडे खोर शब्दाआधी
कुणीतरी उभं असावं लागतं: भांडखोर, चुगलखोर.
देराच्या धक्क्यावर ते एकटंच वाहतं,
तेलकट, हिरवट,
कुणाचीही चुगली न करता.

गलबतं चार-चार, कुशीला कुशी लावून.
पहिल्यावर पाय, दुसऱ्यावर पाय, मग फळी,
फळीवर मुनव्वर, मुनव्वरच्या पाठीवर फ्रीज.
खाली बघू नकोस असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं,
मान वळतच नव्हती.

बर्बेऱ्याचा माल:
टायर, दुधाची पावडर,
एकीत एक घुसलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या,
कुणाचा तरी जांभळा सोफा, वर पॉलिथिन,
आणि शेवटी साखर. साखर नेहमी शेवटी का
ते सालायाच्या नाखव्याला विचारा.
घामाच्या हातानं धरली की पोतं
हात लवकर सोडत नाही.

परकारमामू मोजायचे.
बाणकोटचे. बत्तीस वर्षं याच धक्क्यावर.
कानामागं पेन्सिल, जी मी कधी
कागदाला लागलेली पाहिली नाही.
फळीच्या तोंडाशी उभे राहून ओरडायचे:
लाभ!
दोन!
तीन!

पठाण हसायचे. पहिलं पोतं फुकट का, मामू?
मामूंचं उत्तर ठरलेलं:
"एक बोललां की माप एकटां पडतां."
त्यांची आई खळ्यावर भात अशी मोजायची,
पायली पालथी करत. त्या पायलीचा काठ
एका बाजूनं चेचलेला होता, हेही ते सांगायचे,
जणू त्यावाचून गोष्ट पटणार नाही.

मग तो दिवस. कागदावर चारशे चाळीस,
हजरतच्या पाटीवर चारशे एकोणचाळीस.
नवा पोरगा, स्वातचा, दुसऱ्या टोकाला
खडूनं रेघा ओढत होता.
लाभ म्हणजे त्याला वाटलं, सुरू करा.
रेघ दोनपासून.

सुपरवायझर बिजॉयनं पोत्याची किंमत
अकरा जणांत वाटून कापली.
वाईट माणूस नव्हता. त्यालाही वर कुणीतरी होतं,
आणि भागाकार त्यानं नीट केला, फिल्सपर्यंत.
मामू काही बोलले नाहीत.
रात्री खोलीत त्यांनी माशाचं डोकं
पहिल्यांदाच ताटात तसंच ठेवलं.

सकाळी फळी टाकली. पोतं उचललं.
मामू म्हणाले,
एक.

ओरडले नाहीत. म्हणाले.
मुनव्वर फळीच्या मधोमध थांबला,
पन्नास किलो पाठीवर, खाली पाणी,
मागची अख्खी रांग त्याच्यामागं थांबलेली.
बिजॉय छत्रीखालून ओरडला, काय झालं?
काही झालं नव्हतं.
फळी तेवढी हलत होती.
मग मुनव्वर, मान न वळवता,
पश्तो घशातून जमेल तसं:
लाब.
आणि चालू लागला.

पुढचं दोन कोण म्हणालं मला आठवत नाही.
मामू तरी नव्हते.
ते पेन्सिल शोधत होते, कानामागं असलेली.

बर्बेऱ्याहून नाखव्याचा निरोप आला, महिन्यानं:
एक पोतं जास्त निघालं, काय करू?
पैसे अर्थात परत आले नाहीत.
हजरत तोवर रास अल खैमाला,
दगडाच्या खाणीवर.

आता मोजायला यंत्र आहे. पोत्याला काळ्या रेघा,
यंत्राला लाल डोळा,
पहिल्याला टिंग, दुसऱ्याला टिंग,
चारशेव्यालाही तीच टिंग.
मी नुसता धरून उभा असतो. पगार तोच.

मामूंचा फोन शुक्रवारी येतो.
मागं फेरीबोटीचा भोंगा,
मध्येच कोंबडी हाकलतात.
गुडघ्याचं, भावांच्या वाटणीचं,
मुनव्वर पाठीला काही लावतो का?
मग, उगाच विचारल्यासारखं:
किती भरली आज?
चारशे चाळीस, मी म्हणतो.
लाभ धरून?

मी यंत्राच्या काचेकडे बघतो.
वाळलेल्या साखरेखाली
आकडा नीट दिसत नाही.
धरून, मामू.