पासंग

सहा जण. एकेकाला बंद दाराआड एक तास.
बाहेर बोथ्नियाच्या आखातावर बर्फ कण्हतोय.
प्रश्न साधा: चारशे मीटर खाली, ग्रॅनाइटात पुरलेल्या
तांब्याच्या कुपीला दहा हजार वर्षांत
तडा जाण्याची शक्यता किती?

कुणालाच माहीत नाही, म्हणूनच विचारायचं,
म्हणते तुलिक्की सार्निओ, आणि पेन्सिलीला टोक काढते.

आधी मात्र दहा किरकोळ प्रश्न, ज्यांची उत्तरं तिच्या खणात.
गेल्या वर्षी बंदर किती दिवस गोठलं होतं?
आठव्या नमुन्यावर गंज किती चढला?
आकडा एक नको, तीन द्या.
याखाली गेलं तर नवल, यावर गेलं तर नवल,
आणि मधला, ज्याच्या दोन्ही बाजूंना
तुम्ही सारखीच पैज लावाल.

प्राध्यापक नीगोर्द घड्याळ काढून टेबलावर ठेवतात.
बंदर? एकशे चार ते एकशे सहा.
सोळा आणे.
दोन टोकांच्या मधे नखसुद्धा शिरू नये.

ओइवा लाहतेला, वेल्डिंग तपासणारा, बासष्ट वर्षांचा,
उलट विचारतो : गोठलं म्हणजे होडी अडकेल इतकं,
की कुत्रं चालेल इतकं?
तुलिक्की व्याख्या वाचून दाखवते. तो डोळे मिटतो.
नव्वद. नाही, ऐंशी. वर एकशे तीस धरा.
लाज वाटते हो, एवढं पसरट सांगायला.
पसरा, ती म्हणते, कागदावर जागा आहे.

रात्री खण उघडतो.
बंदर एकशे अठरा दिवस गोठलं होतं.
नीगोर्दांच्या जाळ्यात दहापैकी दोन मासे,
ओइवाच्या नऊ.
सूत्राला ओळखदेख नसते.
नीगोर्दांचं वजन शून्य,
पासंगालाही पुरणार नाही.

गंजाचं पहिलं समीकरण तिला त्यांनीच शिकवलं होतं,
खडूनं माखलेल्या बाहीनं फळा पुसत.
अहवालात ते फक्त 'तज्ज्ञ चार'.

मोठ्या प्रश्नाला ओइवाचं वरचं टोक
बाकीच्यांपासून दूर, एकटं.
'कारण' या रकान्यात त्याचं गिचमिड अक्षर :
चौऱ्याऐंशीत मी एक सांधा पास केला होता.
चांगला दिसत होता.

सकाळी कॉफी ओतताना नीगोर्द विचारतात,
कसे गेले माझे ते पोरकट प्रश्न?
ती कप पुढे करते.
साखर किती, विचारतात ते,
आणि तिचं उत्तर यायच्या आत
दोन खडे टाकतात.