आत किती, बाहेर किती

फहाहीलमध्ये, चौथ्या मजल्यावर,
माझ्या फ्रिजच्या दाराला एक तक्ता चिकटवलाय.
वॉर्डात असतो तसाच:
डाव्या रकान्यात आत किती, उजव्यात बाहेर किती.
रुग्णाचं नाव लवंगी.
वय नऊ आठवडे, अंदाजे.
वजन सातशे ग्रॅम,
पोहे मोजायच्या काट्यावर, तेही शेपटी खाली लोंबत असताना.

पहिला दिवस.
आत: निरंक.
बाहेर: माझ्या ड्यूटीच्या पांढऱ्या बुटात.

जनरेटरमागून काढून
हारिस अब्देल तव्वाबने ओंजळीत दिली होती मला,
"खुदी, सिस्टर," एवढंच म्हणून
तो परत जिना पुसायला वाकला.
नको म्हणायला मला अरबी सुचलीच नाही.

दुसऱ्या दिवशी बशीभर दूध प्यायली.
मग उजवा रकाना पुरेना.
"तू नर्स ना गं?" लिसम्मा फोनवर खेकसली,
"गाईचं दूध कुणी देतं मांजराला?"
आता हिला काय सांगू,
आमच्या परुळ्यात मांजरं दुधावर वाढतात
असं आम्ही सगळेच समजायचो,
आणि ती वाढायची बांगड्याच्या डोक्यांवर.

तिसऱ्या दिवशी बकाल्यातून
तीन दिनारची वाळू आणली.
पिशवीवर जांभळी फुलं, आत फुलांचा वास.
त्याच दुपारी तोझ सुटलेली.
खिडकीच्या फटीतून सगळं वाळवंट
फुकटात घरात येत होतं
आणि मी ट्रेमध्ये विकतचं पसरत होते, चमच्याने, सारखं करून.
लवंगीने हुंगलं. शिंकली.
खिडकीत चढली,
तिथे साचलेल्या बोटभर धुळीत
दोन्ही पंजांनी खड्डा केला
आणि माझ्याकडे रोखून बघत
बसली.

संध्याकाळी अब्देल तव्वाबने
शेजारच्या बांधकामावरून बादलीभर साधी वाळू आणून दिली.
पैसे घेतले नाहीत. हसला मात्र खूप.

तरी डावा रकाना कोराच.
चार. पाच. जिभेला पाणी लावलं, बोटावर ट्यूना धरला,
कानाची पाळी चिमटीत घेऊन ताप बघितला.
सहाव्या रात्री ड्यूटीवरून आले
आणि दिवा न लावता
स्वयंपाकघरात फरशीवर तशीच बसले, तिच्या उंचीवर.
तिथून दिसलं:
इथे ट्रे, त्याला खेटून वाटी,
वर वॉशिंग मशीन, थरथरणारं.

मंगफच्या हॉस्टेलात आम्ही आठजणी होतो.
एकच बाथरूम, कडी तुटलेली,
आत गेलं की बाहेरून कुणीतरी गाणं म्हणत उभं राहायचं,
राखण म्हणून.
जेवणाचं टेबल त्याच दाराला लागून.
मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून जेवायचे,
अर्धी पोळी, कधी तीही नाही.
पहिल्या वर्षात सहा किलो उतरले.
आई फोनवर विचारायची, मी म्हणायचे,
जेवले गं, जेवले.
दिवसभर दुसऱ्यांच्या लघवीचे आकडे लिहीत होते,
माझा तक्ता कुणाच्या दारावर नव्हता.

ट्रे उचलून बाल्कनीच्या दाराशी नेला, पडद्याआड.
वाटी नेली पलंगाखाली,
वाटीसुद्धा नको, मिशा अडतात तिच्या,
डब्याचं सपाट झाकण घेतलं.
त्यावर उकडलेली कोंबडी, बिनमिठाची, बोटांनी कुस्करून.
आणि मी पाठ वळवून झोपल्याचं सोंग घेतलं.

पहाटे तीनला
पडद्यामागे खर्र, खर्र.
थांबलं. मग पुन्हा एकदा, घाईघाईने,
कुणी पुरावा पुरतंय तसं.
मग पलंगाखाली झाकण
फरशीवर सरकू लागलं.
इतकी वर्षं मॉनिटरच्या आवाजात जागले,
पण अशी कान देऊन नाही.

सकाळी लिहिलं:
आत तीस ग्रॅम. बाहेर, योग्य जागी.
खाली सही केली, सवयीने.

बूट अजून कपाटावरच ठेवते.