फळी

नऊ वर्षांचा होता तेव्हा फळीवर बसायचा.
खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी टाकलेली पाइनची फळी,
लहान पोरांची डोकी माझ्या हाताशी यावीत म्हणून.
त्याची आई अर्नेस्टीन दारातूनच सांगायची,
"बारीक काप, वॉर्डेल, दोन महिने पुरले पाहिजेत."
क्लीओटिस मेब्री. टाळूवर दोन भोवरे,
एक डावीकडे फिरणारा, एक उजवीकडे;
कितीही विंचरा, मधले केस उभेच.

गॅरी गावात तेव्हा रात्रीचं आकाश शेंदरी असायचं.
पोलादाची भट्टी पेटलेली आहे, भाडं निघतंय,
एवढाच त्याचा अर्थ.
मग एका हिवाळ्यात ते काळं पडलं
आणि आम्हाला पहिल्यांदा तारे दिसले.
कोणी खूश झालं नाही.

बाराव्या वर्षी म्हणाला, फळी नको.
सतराव्या वर्षी त्याच्यासोबत चार पोरं यायला लागली,
भिंतीला पाठ लावून उभी, फिक्या हिरव्या टोप्यांत.
विसाव्या वर्षी रांग सोडून थेट खुर्चीत.
कोणी हूं की चूं केलं नाही.
मी वस्तरा पुसला.

त्यानं कधी काही लिहून ठेवलं नाही.
कुठला कोपरा कोणाचा, कोणाकडून किती येणं,
सगळं त्या दोन भोवऱ्यांखाली.
थँक्सगिव्हिंगला ट्रक भरून टर्की वाटायचा,
ज्या घरातलं पोर त्याच्याच मालावर झिंगून पडलेलं
त्याही घरात.
म्हाताऱ्या बाया तोंडभर आशीर्वाद द्यायच्या
आणि आत जाऊन दुसरी कडी लावायच्या.

जार्व्हिस ओकली सोळाचा होता.
अंत्यविधीवाल्यानं मला तळघरात बोलावलं.
मेलेला माणूस मान सावरत नाही,
एका हातानं आपणच धरायची.
डाव्या कानामागे भोक होतं.
तिकडे केस जरा लांब ठेवले.

शनिवारी क्लीओटिस आला, बसला, डोळे मिटले.
जाताना शंभराची नोट ठेवली.
"ओकलीच्या पोराचे," म्हणाला.
मी घेतली.
विजेचं बिल त्या महिन्यात ब्याऐंशी डॉलर होतं.

कोर्टात सरकारी वकिलानं विचारलं,
त्या शनिवारी तो काय बोलला?
म्हटलं, साहेब, मला माणूस वरून दिसतो,
तोंड आरशात असतं.
लोक हसले. तो हसला नाही.
बोलला दुसराच कोणी, हिरव्या टोपीवाल्यांतला,
त्याचा कोट धरून उभा राहणारा. सलग दोन दिवस बोलला.

दोन जन्मठेपा.
एक संपल्यावर दुसरी, न्यायाधीशबाईंनी वाचून दाखवलं.
अर्नेस्टीन माझ्याशेजारी बोटं मोजत होती,
जणू मधल्या फटीत पोरगं
जेवायला घरी येऊन जाणार होतं.

एकोणीस वर्षं झाली.
नाताळाच्या आसपास पत्र येतं.
इथे मशीन फिरवतात, लिहितो, सगळ्यांना एकच नंबर.
भोवरे पांढरे झाले का, ठाऊक नाही.
मी एकदाच गेलो;
काचेपलीकडचा माणूस समोरूनच दिसतो.

परवा ओकलीची बहीण नातवाला घेऊन आली.
मी फळी काढली, ओल्या फडक्यानं पुसली.
ती बघत राहिली.
"तीच का ही, वॉर्डेल? आमच्या जार्व्हिसची?"
"नाही," म्हटलं, "नवीन आहे,"
आणि पोराला उचलून वर बसवलं.