संदर्भ मर्यादा

धनकवडीच्या लॅबमध्ये सकाळी सातला
माझी पहिली बाटली कुणाच्याच नावाची नसते. कंट्रोल.
तिचा आकडा आधीच ठाऊक असतो.
मशीन तो बरोबर सांगेपर्यंत
मी एकाही माणसाचं रक्त आत ठेवत नाही.

घरी मशीन नाही.
घरी ओट्यावर प्रचितीचा फोन आहे, उताणा,
आणि त्यात टिळक रोडच्या क्लासचा मेसेज :
सराव परीक्षा चार, जीवशास्त्र,
तीनशे साठपैकी दोनशे एकोणपन्नास.
आधीचे तीन दोनशे अडुसष्ट, एक्याण्णव, अठ्ठ्याऐंशी.
हा नवा त्यांनी लाल केलाय.

बावीस वर्षं बघतेय,
लोक पाकीट फोडतात आणि ठळक छापलेलं तेवढंच वाचतात.
मग खिडकीशी वाकून विचारतात, ताई, काळजीचं काही?
मी म्हणते, डॉक्टरांना दाखवा.
मला तेवढंच बोलायची परवानगी आहे.
आता ही माझ्याकडे बघतेय
आणि दाखवायला कुणी नाही.

"घसरतेय मी."
मी म्हटलं, एका नमुन्यावर आम्ही कुणाला आजारी ठरवत नाही.
कधी सुई हलते, नळीतच रक्त फुटतं,
पोटॅशियम असं काही वर जातं
की वाटावं, हा माणूस काही वाचत नाही,
आणि तो बाहेर बाकावर बसून
शब्दकोड्यातलं आडवं सात शोधत असतो.
"म्हणजे मी फुटलेलं रक्त?"
ती हसली नाही. मीही नाही.

रात्री सतरंजीवर पेपर पसरला. पंखा पानं उलटत होता,
त्यावर वरणाची पळी ठेवली.
पंधरा चुका, नऊ कोरे.
झाडांची संप्रेरकं मी कधीच विसरलेय,
पण डाग वाचायची सवय आहे.
पंधरांतल्या सहा ठिकाणी
प्रश्नपत्रिकेवर बरोबर पर्यायाशी तिचंच बारीक टिंब,
आणि उत्तरपत्रिकेत शेजारचा गोल काळा.
दमून झालं म्हणावं तर शेवटची पानं नव्हती,
पहिल्या अर्ध्या तासातलेच सगळे.
"का बदललंस?"
"इतकं सोपं कसं असेल, असं वाटलं."

पाच सक तीस.
मनात मिळवले आणि गप्प बसले.
न काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट देत नसतात.

दिवा घालवल्यावर अंधारातून,
"आई, नॉर्मल कोण ठरवतं?"
धडधाकट माणसांचं रक्त घेतात, मी सांगितलं,
आणि मधल्या पंच्याण्णवांभोवती रेघ मारतात.
"उरलेले पाच?"
तेही धडधाकटच.
फक्त त्यांचा आकडा ठळक येतो.
बराच वेळ काही बोलली नाही. झोपली असेल म्हणून
मी कूस बदलली, तर म्हणाली,
"पण कॉलेजं रेघ वरूनच मारतात."
ते मला नाकारता आलं नाही.

सकाळी माझ्या आधी उठून पाचवा पेपर लावून बसली होती,
घड्याळ समोर, पोह्यांची बशी मांडीवर.
नावाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं :
नमुना, स्त्री, वय अठरा,
उपाशीपोटी नाही.
आणि खाली, माझ्याच अक्षराची नक्कल करत :
टिंब दिलं की हात लावायचा नाही.

सातची बस गेली होती.
कंट्रोलच्या बाटलीला आज उशीर होणार होता.