मीठ

सहाव्या दिवशी मी चालत निघाले. साडेतीन कोस.
सासू पुढे, तिच्या पाठीवर चितेंजेत बांधलेलं बाळ,
मागे मी, पाय फाकवून, बदकासारखी.
मुळांजेचा डोंगर डाव्या हाताला, सरकतच नव्हता.

दवाखान्यात आम्ही एकतीसजणी.
आंब्याच्या फांदीला तराजू टांगलेला,
त्यात एकेक पोर लोंबायचं
आणि सिस्टर एनिफा आकडा ओरडायची.
दोन किलो नऊशे!
सगळ्या माना डोलल्या, जणू शेतातलं काही मापलं.

नाळ पाहिली. डोळे पाहिले. टोचलं.
मग पेन कागदावरच ठेवून, मान वर न करता:
"आई बरी?"
मी म्हटलं, बरी.

काय सांगणार होते?
की रात्री मांडीवरून ऊब उतरते, आणि तिला वास येतो?
की बाळ रडलं की मला आधी भिंत दिसते,
मग बऱ्याच वेळाने बाळ?
शेजारी सासू. मागे उन्हात रांग.
आणि सिस्टरचे पायही सुजलेले,
सँडलचा पट्टा शेवटच्या भोकात.

हीच मला त्या रात्री म्हणाली होती,
आता कशाला ओरडतेस, तेव्हा ओरडली होतीस का?
पहाटे हीच आपल्या डब्यातली लापशी ठेवून गेली.
दोन्हीतलं एकच आठवायचं म्हणते,
दोन्ही एकदम येतात.

आमच्याकडे ओल्या बाळंतिणीने भांड्यात मीठ टाकू नये,
खाणारा खोकून खोकून झिजतो म्हणतात.
म्हणून शेजारची तियामिके येते. आठ वर्षांची.
चिमूट टाकते, आणि उकिडवी बसून राहते.
त्या संध्याकाळी म्हणाली, अजून दुखतं?
कुणाला, बाळाला?
नाही गं. तुला.

न्सिमा खाली लागली.
पोरीने मीठ दोनदा टाकलं असणार,
सासू जेवताना म्हणालीच, हात सैल आहे कार्टीचा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेतीन कोस.
बाळ नणंदेकडे, आंब्याखाली.
सिस्टर म्हणाली, वजन कालच झालं ना?
त्याचं झालं, मी म्हटलं.
मी माझी आलेय.

तिने वही ओढली,
एक पान उलटलं, मग आणखी एक,
मला कुठे लिहायचं ते शोधत.