उजवी पाटी

फाळक्याच्या नातवाने कॅनडाहून आणली ती एकच निघाली,
डाव्या बाजूची.
तिची जोडीदारीण हरवलेल्या बॅगेतून गेली ती गेलीच.
वीतभर लांब, नारिंगी, नाकाशी तिरपी छाटलेली.
पाण्यात सोडली की होडीमागे यायचं टाकून
बया बाजूला निघते,
वीस हात, तीस हात, दोरी ताणून,
आणि तिथून आपल्या बरोबरीने चालते
रुसलेल्या माणसासारखी:
सोबत, पण रस्त्याच्या पलीकडून.

कशाला हवं हे लचांड, मी विचारलं.
फाळके म्हणाला, मासा होडीला भितो.
वल्ह्याला भितो, सावलीला भितो,
तुझ्या खोकल्याला तर हमखास.
होडी आली की तो दोहींकडे सरकतो,
दौलतगंजात सांड शिरल्यावर
माणसं दुकानांच्या पायऱ्या चढतात तसा.
पाटी गळ घेऊन त्या पायऱ्यांवर जाते.

उजवी मी करतो, म्हटलं.
छत्तीस वर्षं मिलच्या लेथवर काढलेला माणूस मी.
लेकीचा कॅरमबोर्ड कापला, तीन हात वॉर्निश,
पोटाला शिशाची पट्टी, म्हणजे उभी तरंगेल.
मूळ पाटीशी ताडून पाहिली: केसाचा फरक नाही.

तिघऱ्याच्या पाण्यावर तेव्हा धुकं होतं, पौषातलं,
बांधावरचे दिवे अजून विझले नव्हते.
माझी पाटी उजवीकडे सोडली.
ती क्षणभर थबकली,
होडीच्या बुडाखालून गेली
आणि थेट डावीच्या गळ्यात पडली.
हल्के केवटाच्या हातून वल्हं सुटलं हसता हसता.
"बाबूजी, दोनों जूते बाएँ पाँव के बना लाए!"
गारठल्या बोटांनी गुंता सोडवण्यात सूर्य वर आला.
फाळके गजक खात बसला होता.
गुंत्याला त्याने हात लावला नाही.

त्या रात्री कपाटाच्या आरशासमोर पाटी धरली
आणि आतल्या पाटीची मापं घेतली.
मंदा म्हणाली, लाकडाचा एवढा नट्टापट्टा?
मग आपणच डब्यातून खणाचं एक चिरोटं काढून दिलं, झेंड्याला.
जांभळं. लांबून दिसेल, म्हणाली.

पुढच्या गुरुवारी दोन्ही पाट्या दोन्हीकडे निघाल्या,
नारिंगी आणि जांभळी,
मध्ये आम्ही तिघं, न बोलता.
हल्के इतकं हळू वल्हवत होता
की किनाराच मागे चाललाय असं वाटावं.

तेव्हा मला फाळक्याचा हात दिसला.
म्हणजे रोजच दिसतो, चहाच्या बशीवर वाजताना.
पण एकेकाळी हाच हात
दोरी नुसत्या तर्जनीवर घेऊन तासभर बसायचा,
मासा तोंड लावायच्या आधी सांगायचा: आला.
आता दोरीतून खाली थरथर जाते
आणि माशाला कळतं, वर कोणीतरी आहे.
पाटीला कंप नसतो.
नातवाने काय आणलं होतं ते मला तिथे, पाण्यावर, उमगलं.
मी खोकला गिळला.

जांभळा झेंडा मागे पडला.
घोळक्यात एखाद्याच्या चपलेचा अंगठा तुटावा
आणि तो मागे राहावा, तसा.
"तुझी पाटी, तू ओढ," फाळके म्हणाला.
मी दोरी त्याच्या मांडीवर ठेवली.

हे मासे तळहाताएवढे, चपटे, चंदेरी.
हल्के त्यांना कागदी म्हणतो:
ओठ इतके पातळ की हिसका दिला तर
गळावर नुसता ओठच येतो.
फाळक्याने दोरी हातभर घेतली, थांबला.
हातभर घेतली, थांबला.
दोरी थरथरत होती; त्याच्यामुळे की माशामुळे,
ते तिलाही सांगता आलं नसतं.
होडीपासून दोन हातांवर पाणी एकदा चमकलं
आणि दोरी सैल झाली.

"गेला," तो म्हणाला,
जसं आधी म्हणायचा: आला.
हल्केने विचारलं, परत फिरायचं का.
अजून डावी आहे ना, फाळके म्हणाला.

घरी नेले ते चार. तीन हल्केच्या वाट्याचे.
खणाचं चिरोटं धुऊन दोरीवर घातलंय.
दोन दिवस झाले, मासळीचा वास जात नाही,
आणि मंदा ते काढूही देत नाही.