जर, तर, नाहीतर

अंबडच्या कंपनीत बावीस वर्षं
मी बोर्डांना पाय जोडले.
दिवसाला चारशे दहा.
कथील, रोझिनचा धूर, पुढचा बोर्ड.
नंतर ते कुठे जातात, काय करतात
कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
पाय जोडणाऱ्याने चाल विचारायची नसते.

आता शनिवारी, सिडकोतल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत
निखत कोकणी शिकवते. माझ्या थोरल्याहून लहान.
म्हणते, मावशी, लिहायचं काहीच नाही,
उचलायचं आणि ठेवायचं.
रंगीत ठोकळे. एकाचा दात दुसऱ्याच्या खाचेत.
खटकन बसतात. नाही बसला
तर ठोकळा आपणहून बाजूला सरकतो,
सुपरवायझरसारखा ओरडत नाही.

पहिलाच ठोकळा: जर.
मला हसू आलं. जन्मभर ऐकत आले,
जर-तरच्या गोष्टी करू नकोस, हेमे.
आणि इथे त्याच्याशिवाय दिवा लागत नाही.

आई येवल्याची. तिच्या लेखी जर म्हणजे
पदरातला, तोळ्यावर मिळणारा.
मागावर बसून पुटपुटायची,
तीन सोड, एक उचल, तीन सोड, एक उचल,
मोर पुरा होईपर्यंत.
तिनेही कधी काही लिहिलं नाही.
अंगठाच करायची.

पडद्यावर बोर्ड आहे, पण खरा नाही.
तारा माउसने ओढायच्या.
एकदा मुद्दाम, रेझिस्टर न लावता दिवा जोडला.
छोटीशी चांदणी फुटली, बस्स.
मी नाक पुढे केलं.
वास नाही.
बावीस वर्षांत खात्रीने कळलेली एकच गोष्ट,
जळलं की वास येतो,
ती इथे चालत नाही.
निखत म्हणाली, पुसा, पुन्हा करा, फुकट आहे.
पगारातून कापून न जाता काही जाळणं
मला जरा उशिराच मिळालं.

माझं काम: आमच्या बिल्डिंगची गच्चीवरची टाकी.
झाकणाखाली अंतर मोजणारा डोळा,
आणि पडद्यावर एक पट्टी, सरकवायची.
डावीकडे नेली की पाणी चढतं.
गंगापूर धरण नाही, पहाटेचा नळ नाही,
मोटर कुणी लावायची यावरून जिन्यात भांडण नाही,
बोटाने पाणी भरते मी.
जर अंतर दहापेक्षा कमी, तर भोंगा.
नाहीतर, थांब.
आणि या सगळ्यांना पोटात घेऊन तो मोठा ठोकळा, 'सतत'.
त्याला संपणं नाही, सुट्टी नाही.
तेवढा एक मला लगेच समजला.

खरा बोर्ड हातात आला
तेव्हा निखतला जोड जमेना. कथलाचे नुसते गोळे.
दे इकडे, म्हटलं.
एका श्वासात चार पाय.
ती डोळे चोळत बघत राहिली,
मग तिला शिकवलं, हातावर हात ठेवून.
खोलीभर वास आला. ओळखीचा.

मंगळवारी पहाटे पाचला भोंगा वाजला.
वरचे गायधनी बनियनवरच मोटर बंद करायला धावले.
टाकी अर्धीच होती.
मी झाकण उचलून पाहिलं:
डोळ्यासमोर नेमकी एक पाल.
मनात चुकचुकते म्हणतात ती
गच्चीवर राहायला असते, हे नवीनच.

पडद्यावर पाल नव्हती.
येत्या शनिवारी निखतला विचारणार आहे,
पाणी आलं तर वाज,
पाल आली तर
जरा दम धर,
याला कोणता ठोकळा?